चिबड जमिनीवर हलका भराव: सोलापूर भागात पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

रस्त्याच्या कामावर नवीन आलेल्या जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) किंवा पोटकंत्राटदाराला कोणीतरी सांगतं, "जमीन मऊ आहे, ॲश टाका, हलकी असते." तेवढ्यावर भरवसा ठेवून कामाला लागलात तर पहिल्याच पावसाळ्यात पुलाच्या तोंडाशी गाडी आदळायला लागते. राख, टायरचे तुकडे, थर्माकोलचे ठोकळे या सगळ्याचा उपयोग होतो, पण कुठे आणि पाण्यापासून किती वर, हे आधी ठरवावं लागतं. सोलापूर जिल्ह्यात अशी कामं ज्या क्रमाने केली म्हणजे डोकेदुखी कमी होते, तो क्रम इथे देतोय. मजबुतीचा हिशेब डिझाइनवाल्याचाच. पण त्याने काय विचारायला हवं आणि तुम्ही त्याला काय द्यायला हवं, ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

१. जमीन फुगते की दबते, ते आधी ठरवा

आपल्याकडे "मऊ जमीन" म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली म्हणजे नेहमीची काळी. मंगळवेढ्याच्या शिवारात असते तशी, खोल आणि भारी. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचं मुख्य दुखणं फुगण्याचं. अशा जमिनीवर भरावाचं वजन कमी केलं तर फुगवटा दाबून ठेवणारा भारच कमी होतो, म्हणजे हलका भराव उलट बाधतो. इथे उपाय जुनेच आहेत: मुरमाची गादी, चुन्याची प्रक्रिया, बाजूला गटार आणि पाणी आत शिरू न देणं.

दुसरी खरी लिबलिबीत. कालव्याखालची चिबड (पाणी मुरून दलदल झालेली), तलावाच्या पोटातली, ओढ्याच्या जुन्या पात्रात साचलेल्या गाळाची. ती भाराखाली दबते, बाजूला सरकते आणि वर्षानुवर्षं बसत राहते. हलका भराव कामी येतो तो इथे.

दोन्ही गोष्टी एकाच जागी असू शकतात, वर काळी आणि खाली गाळ. म्हणून नुसता वरचा नमुना पाठवून भागत नाही.

२. चाचणी ओल असताना करा

सोलापुरात पाऊस मुळात कमी आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरच्या आसपास पडतो. पण निविदा, कार्यारंभ आदेश, सर्वेक्षण असं सगळं होईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि माती तपासणारा माणूस मे महिन्यात येतो. तेव्हा तीच जमीन दगडासारखी झालेली असते. डीसीपीचा (ठोकून जमिनीची ताकद मोजायचा) दांडा आत जात नाही, अहवालात आकडे छान येतात, सगळे खूश. डिसेंबरमध्ये त्याच जागी टाच रुतते.

तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करून घ्या. ते शक्यच नसेल तर सीबीआर (जमिनीची भार पेलण्याची चाचणी) चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचाच मागा आणि बोअर निदान भरावाच्या उंचीच्या दीडपट खोलीपर्यंत किंवा कठीण मुरूम-खडक लागेपर्यंत न्या. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, विहिरीला दिवाळीत पाणी किती वर असतं. हे उत्तर कुठल्याच अहवालात सापडत नाही.

काय काय तपासायचं:

- फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते (आयएस २७२० भाग ४०). तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर मॉर्थच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या) विनिर्देशांनुसार ती माती भरावात वापरता येत नाही.
- लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे माती किती ओलाव्याला पातळ होते आणि ओलाव्याच्या किती टप्प्यात वळता येते.
- गाळाची कातर ताकद (सरकण्याला तो किती विरोध करतो), जागेवर व्हेन शिअरने, म्हणजे गाळात पाती फिरवून. प्रयोगशाळेत नेईपर्यंत मऊ नमुना बिघडतो.
- भूजलाची पातळी आणि एचएफएल, म्हणजे पुराची सर्वांत उंच रेषा.

गाळ किती मऊ आहे याचा कच्चा अंदाज हातानेही येतो. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीतून बाहेर आला तर अतिशय मऊ. अंगठा सहज रुतला आणि गोळा हवा तसा वळता आला तर मऊ. अंगठा जोर लावून रुतवावा लागला तर तिथे बहुधा साधा मुरमाचा भरावही टिकेल.

३. वजनाचा हिशेब कागदावर मांडा

हलकं म्हणजे किती हलकं? साइटवर लावल्यानंतरची, ओलाव्यासह घनमीटरमागची वजनं ढोबळमानाने अशी धरा:

- मुरूम: २ टन
- दाबलेली पाँड ॲश (औष्णिक प्रकल्पाच्या तळ्यात साठवलेली राख): १.३ ते १.४ टन
- टायरचे तुकडे: ०.६ ते ०.८ टन
- फुगवलेल्या काचेचा खडा: साधारण पाव ते अर्धा टन, ओलावा आणि दाबावर अवलंबून
- थर्माकोलचे (ईपीएस) ठोकळे: २० किलोच्या आसपास, पण डिझाइनमध्ये पाणी शोषणं धरून १०० किलो घेण्याची पद्धत आहे

आता एक उदाहरण. गाळाची कातर ताकद चौरस मीटरला दीड टन (१५ किलोपास्कल) आली. अशी जमीन ढोबळ मानाने तिच्या ५.१४ पट, म्हणजे ७.७ टन भार आला की ढासळते. १.४ चा सुरक्षा गुणक घेतला तर ५.५ टन उरले. मुरमाचा भराव असेल तर उंची पावणेतीन मीटर. राखेचा केला तर बाजूचं मुरमाचं आवरण आणि वरचा सबग्रेड (भरावाचा सर्वांत वरचा मुरमाचा थर) धरून सरासरी वजन १.५५ टनाच्या आसपास जातं, आणि उंची साडेतीन मीटरपर्यंत पोचते. कमाई पाऊण मीटरची. छोट्या नाल्यावरच्या पुलाच्या पोचरस्त्याला कधीकधी तेवढीच हवी असते. पाच-सहा मीटर उंची हवी असेल तर नुसत्या राखेने निभणार नाही. जिओग्रिड (मातीला बळकटी देणारी जाळी), उभे निचरा-पट्टे (पीव्हीडी) किंवा टप्प्याटप्प्याने भरणं यांकडे जावं लागेल.

हा हिशेब निर्णयापुरता. मंजुरीला स्लिप सर्कलचं (भराव गोलाईत घसरेल का याचं) विश्लेषण आणि दबण्याचा अंदाज दोन्ही लागतात. उंच भरावासाठी आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) ७५, मऊ जमिनीवरच्या जिओसिंथेटिक (कृत्रिम जाळी-कापड घातलेल्या) भरावासाठी आयआरसी ११३ आणि राखेसाठी आयआरसी एसपी ५८, ही तीन पुस्तकं टेबलावर असू द्या.

४. सामान निवडा, पण पाणी पाहून

*पाँड ॲश.* आपल्या जिल्ह्यात पहिला विचार हिचाच. दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्यामुळे लीड (वाहतुकीचं अंतर) परवडतं. सायलोतली कोरडी फ्लाय ॲश सिमेंट आणि विटांकडे जाते. भरावाला तळ्यातली पाँड ॲश. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक प्रकल्पापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्ते-भराव करणाऱ्यांना राख वापरणं बंधनकारक आहे. अट अशी की प्रकल्पाने ती साइटवर मोफत, वाहतुकीचा खर्चही स्वतः सोसून पोचवावी. मात्र प्रकल्पाची राख इतर मार्गांनी उठत असेल तर किंमत आणि वाहतूक आपसांत ठरवता येते. तेव्हा "राख फुकट मिळते" असं गृहीत धरून दर भरू नका. आधी प्रकल्पाकडून लेखी घ्या.

राखेवर विश्वास नसलेले वरिष्ठ भेटतात. त्यांना दिल्लीतल्या दुसऱ्या निजामुद्दीन पुलाचा पोचभराव सांगा. यमुनेच्या पूरक्षेत्रात पाँड ॲशने तो १९९० च्या दशकात उभा राहिला.

*टायरचे तुकडे.* फार हलके आणि पाणी झटकन सोडणारे. पण त्यांत आगीचा धोका आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांत टायरचे जाड भराव आतून तापत गेले आणि पेटले. त्यानंतर तिथल्या मार्गदर्शक नियमांत मोठ्या तुकड्यांच्या थराला ३ मीटरची आणि बारीक तुकड्यांना १ मीटरची मर्यादा आली. बारीक चुरा, सुटी तार, तेलकट माल आणि थरात मिसळलेली सुपीक माती या चार गोष्टींनी आग लागते. शिवाय भार आला की हा थर बराच दबतो, म्हणून जास्त उंच भरून ठेवावा लागतो. आपल्याकडे टायर कापून एकसारखा माल देणारा मिळाला तरच नाव काढा; रिमोल्डवाल्याच्या दारातले अख्खे टायर पुरण्याला भराव म्हणत नाहीत.

*ईपीएस ठोकळे.* नॉर्वेत १९७२ पासून रस्त्यांखाली आहेत. वजन नगण्य, पण दोन शत्रू: पेट्रोल-डिझेल आणि पूर. सांडलेल्या इंधनाने ठोकळा विरघळतो, म्हणून वर काँक्रीटची स्लॅब किंवा इंधन न झिरपणारी चादर लागते. पुराचा हिशेब असा: एक मीटर जाडीचा ठोकळा बुडाला की चौरस मीटरमागे जवळजवळ ९८० किलोचा रेटा वर लागतो. १.३ गुणक धरला तर वर सुमारे ६५ सेंटिमीटर मुरूम पाण्याबाहेर हवाच. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावात विचारून या, आणि मगच या पर्यायाला हात घाला. माझं मत विचाराल तर नदीकाठी नकोच.

*फुगवलेली काच.* जुन्या काचेपासून करतात, नॉर्वे-स्वीडनकडे रुळलेली वस्तू आहे. सोलापुरात बसून मागवण्याजोगी नाही, पुढे जातो.

आणि जे टाळायचं ते. राडारोडा पुनर्वापराचा असला तरी हलका नाही. काँक्रीटचा चुरा मुरमाच्या जवळपास जातो आणि पोलादाच्या भट्टीची मळी (स्लॅग) तर मुरमापेक्षा जड. साखर कारखान्यांची बगॅसची राख स्वस्तात देऊ करणारे बरेच भेटतील. तिच्यात न जळलेला कोळसट भाग खूप असतो आणि दर ट्रकला तिचा पोत बदलतो, म्हणून चाचणीशिवाय घेऊ नका. चादर-टॉवेलच्या मागांवरचा कचरा हलका असतो, पण कुजतो. विषय संपला.

५. कागद गोळा करा

- माती तपासणी अहवाल, बोअरच्या नोंदींसह
- एचएफएल आणि भूजल दाखवणारा एल-सेक्शन (रस्त्याचा लांबीतला छेद)
- राखेचा स्रोत मंजूर असल्याचं कार्यकारी अभियंत्यांचं पत्र
- प्रकल्पाचं राख देण्याचं पत्र, गेटपास, वजनकाट्याच्या पावत्या
- राखेचे चाचणी अहवाल: हेवी कॉम्पॅक्शन (आयएस २७२० भाग ८), कणांची प्रतवारी, झिरपणाऱ्या पाण्यातले जड धातू
- बाजूच्या आवरणासाठी लागणाऱ्या मुरमाचा गौण खनिज परवाना
- दर पृथक्करण, कारण एसएसआरमधला (सरकारी दरसूचीतला) मातीकामाचा दर राखेला जसाच्या तसा लागत नाही
- टायर किंवा ईपीएससारखी वस्तू असेल तर रस्त्याच्या प्रायोगिक तुकड्याची मंजुरी

राखेला मुरमासारखं स्वामित्वधन लागत नाही, ही खरी बचत. पण आवरणाच्या मुरमाला लागतं. तहसीलचं पथक आलं की दोन्हींच्या पावत्या वेगवेगळ्या दाखवता आल्या पाहिजेत. एका फायलीत सगळं घुसवलं की गोंधळ.

६. मोजमापाची भाषा आधीच ठरवा

भांडणं बहुतेक इथेच होतात. ट्रकवाला ब्रासमध्ये (शंभर घनफुटांच्या मापात) बोलतो, काटा टनात आणि एमबी (मोजमाप पुस्तक) घनमीटरमध्ये. राख हलकी असल्याने डंपर काठोकाठ भरला तरी वजन कमी भरतं. मुरमाच्या सवयीने टनावर दर ठरवणारा वाहतूकदार मग महिनाअखेरीस तोंड वाकडं करतो. त्यातही तळ्यातून आलेली राख ओली. पाण्याचे पैसे कोण देणार?

सोपा मार्ग: विभागाशी मोजमाप दाबलेल्या घनफळावर, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या लेव्हलवर, वाहतूकदाराशी खेपेवर, डाल्याचं माप घेऊन. सुट्या राखेची दाबल्यावर किती घट होते ते चाचणी तुकड्यावर काढून दोघांच्या सह्या घ्या. मऊ जमिनीत भराव लावतानाच खाली बसतो, म्हणून तळाशी सेटलमेंट प्लेट (जमीन किती बसली ते दाखवणारी पत्री) ठेवून बसलेला भाग मोजा. नाहीतर तेवढी राख तुमच्या खिशातून गेली.

७. तळ तयार करा

झुडपं, मुळं आणि वरची १५ सेंटिमीटर माती काढा. गाळावर जड डोझर फिरवू नका. वरचा सुकलेला पापुद्रा हीच तिथली सगळ्यात बळकट गोष्ट असते, तो फोडला की रुतलेली मशिनरी काढण्यातच दिवस जातो. थेट जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) अंथरा, जोड शिवून घ्या किंवा भरपूर चढवा. त्यावर वाळू किंवा बारीक खडीचा निचऱ्याचा थर. खालचं पाणी राखेत वर चढू नये हेही काम तोच थर करतो. राखेचा तळ भूजलापासून आणि साचणाऱ्या पाण्यापासून निदान एक मीटर वर ठेवा. तेवढी जागा नसेल तर खालचा भाग मुरमाचा किंवा डबराचा करा.

८. राख चढवा

राखेला आणि बाजूच्या मुरमाला एकाच वेळी वर आणायचं. आधी राख रचून मग बाजूला मुरूम चिकटवायचा प्रयत्न केलात तर आवरण सोलून निघतं. तीन मीटरपर्यंतच्या भरावाला आवरण साधारण एक मीटर रुंद, त्याहून उंच असेल तर जास्त. उंची तीन मीटरच्या पुढे गेली की मध्ये दीड ते तीन मीटर अंतराने मातीचा किमान २० सेंटिमीटरचा थर घाला. सर्वांत वरचा अर्धा मीटर चांगल्या मुरमाचा, तोच तुमचा सबग्रेड.

सुटा थर २० ते २५ सेंटिमीटर धरा, रोलर आठ-दहा टनी व्हायब्रेटरी. शेवटची फेरी व्हायब्रेशन बंद करून मारा, कारण कंपनाने राखेचा वरचा थर पुन्हा सैल होतो. दाबणी प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के. राखेची घनता मुळातच कमी असते, म्हणून मातीचे किमान घनतेचे आकडे तिला लावून थर नापास करू नका. वाळू बदली पद्धतीने (आयएस २७२० भाग २८) प्रत्येक थर तपासा.

ओलाव्याचं हाताने असं पाहा. मूठभर राख दाबा. गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर स्वच्छ दोन तुकडे झाले तर ठीक. गोळाच झाला नाही तर पाणी कमी, तळहात ओला झाला तर जास्त. रोलरच्या ड्रमपुढे राखेची लाट उठायला लागली की थांबा, तो थर उलटून वाळू द्या.

पाण्याची तजवीज हा सोलापुरात वेगळाच विषय. राखेला मुरमापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. कोरडी घनता १.१ टन आणि योग्य ओलावा २८ टक्के धरला तर एका घनमीटरला सुमारे ३०० लिटर. मुरमाला १० टक्क्यांनी १९० लिटर. राख तळ्यातून ओली आली तर त्यातलं बरंच वाचतं, म्हणून आली की लगेच पसरा आणि त्याच दिवशी दाबा. एप्रिलच्या दुपारच्या वाऱ्यात उघडा राहिलेला थर तासाभरात पांढुरका पडतो आणि उडायला लागतो. शेजारी द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग असेल तर शेतकरी बांधावर उभा राहिलाच म्हणून समजा, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. डंपरला ताडपत्री, थरावर दिवसातून अनेकदा फवारा आणि काम थांबणार असेल तर वर मुरमाचा पातळ थर. टँकरचा करार राखेच्या कराराआधी करा. टंचाई जाहीर झाली की गावचे टँकर आधी पिण्याला, आणि ते योग्यच आहे.

९. शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी

हे कुठल्याही पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं. या भागात रस्ता ओलांडून पाइपलाइन नेणारे शेतकरी पावलोपावली आहेत. भराव झाला की सहा महिन्यांत कोणीतरी रात्री जेसीबी लावून आडवा चर काढतो. मुरमाच्या भरावात तो चर बुजवता येतो. राखेच्या भरावात आवरण फाटलं की पहिल्या जोरदार पावसात राख त्यातून वाहून जाते आणि वर पोकळी राहते. गळका पाइप असेल तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही. टायरच्या थरात वेल्डिंग केलं तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून तळ तयार करतानाच दोन्ही बाजूंच्या बांधांवर फिरून विचारा, कोणाची लाइन कुठून जाते, कोणाला पुढे न्यायची आहे. तिथे ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपचे आडवे आवरण-पाइप निचऱ्याच्या थराच्या पातळीत टाकून ठेवा, तोंडं बंद करा आणि जागा खुणेच्या दगडाने दाखवा. ग्रामपंचायतीला नकाशाची प्रत द्या. खर्च किरकोळ असतो. अंदाजपत्रकात नसेल तर आधीच पुरवणी बाब म्हणून मांडा, नंतर कोणी मंजूर करत नाही.

१०. सांधा, उतार, पहिला पावसाळा

हलका भराव जिथे संपतो आणि साधा सुरू होतो तिथे सरळ उभी रेघ ठेवू नका; पायऱ्या करून लांब उतारात एकमेकांत मिळवा, नाहीतर धक्का पुलापासून उचलून पुढे नेल्यासारखं होईल. बाजूचा उतार दोनास एक (दोन आडवे, एक उभा). पुराचं पाणी लागणाऱ्या भागात दगडी पिचिंग, बाकीच्या ठिकाणी गवत. गवत जूनच्या सरींवर लावा, आणि पाऊस दडी मारेल तेव्हा पाणी घालणारं कोण हेही ठरवा. वरचं पाणी उतारावरून कुठेही ओघळू देऊ नका. कडेला कर्ब आणि ठरावीक अंतराने पक्के उतरणीचे नाले काढा.

डांबराचा शेवटचा थर जमलं तर एक पावसाळा जाऊ देऊन टाका. तोवर सेटलमेंट प्लेटचं वाचन पहिले दोन महिने आठवड्याला, मग महिन्याला घ्या. वाचनं ओळीने कमी होत आली पाहिजेत. एखाद्या आठवड्यात बसणं अचानक वाढलं आणि भरावाच्या पायथ्याजवळची जमीन किंचित उचललेली दिसली तर वर आणखी भार टाकणं तिथेच बंद करा, डिझाइनवाल्याला फोन लावा आणि शक्य असेल तर वरचा काही भाग उतरवून पायथ्याशी डबराचा भार द्या. सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंनी पायी चाला. पायथ्याच्या गटारात राखाडी गढूळ पाणी दिसलं तर आवरण कुठेतरी फुटलंय. ती जागा त्याच आठवड्यात उकरून मुरूम दाबून बंद करा.